फ्रेटचं काम घरी करायचंय? हत्यारांवर पैसे कुठे घालायचे, कुठे वाचवायचे

गिटारच्या फ्रेटना, म्हणजे नेकवरच्या (गिटारच्या दांड्यावरच्या) आडव्या धातूच्या पट्ट्यांना, हात घालायचा ठरवलं की माणूस आधी ऑनलाइन हत्यारं बघतो आणि तिथेच गार पडतो. अमेरिकेतल्या स्ट्यूमॅक या गिटारची हत्यारं विकणाऱ्या कंपनीची डायमंड क्राउनिंग फाइल (फ्रेटचा माथा गोल करायची कानस) शंभर डॉलरच्या वर जाते, शिवाय टपालखर्च आणि कस्टम ड्यूटी वेगळी. ज्या गिटारवर हात बसवायचा तिच्याहून कानस महाग! दुसऱ्या टोकाला हजार रुपयांच्या आतबाहेर मिळणारे 'संपूर्ण फ्रेट किट' असतात. त्यांत दहा वस्तू असतात आणि कामाच्या जेमतेम दोन.

दोन्हीकडे पैसे घालवून झाल्यावर मी एक हिशेब धरलाय. जे हत्यार फ्रेटला अखेरचा आकार देतं, ते खास त्या कामाचं घ्यायचं. जे हत्यार सरळ-वाकडं सांगतं, ते स्वस्त चालेल, पण तपासून घ्यायचं. बाकीचं सगळं ठाण्यात जांभळी नाका ते वागळे इस्टेट एवढ्यात भागतं. त्यातूनही अडलं तर लोकल पकडून मुंबईला हत्यारांच्या बाजारात, नागदेवी स्ट्रीटला.

आधी दुखणं फ्रेटचंच आहे ना?

आपल्याकडे जून ते सप्टेंबर हवा इतकी दमट असते की लाकूड फुगतं आणि नेक जागची हलते. त्यामुळे पावसाळ्यात खरखरणारी गिटार लगेच घासायला घेऊ नका. पहिल्या फ्रेटवर कॅपो (तारा दाबून धरणारा चिमटा) लावा, जाड तार शेवटच्या फ्रेटवर दाबा आणि सातव्या-आठव्या फ्रेटपाशी तारेखालची फट मोजा. साधारण 0.2 ते 0.25 मिलिमीटर असेल तर ठीक. यासाठी गिटारचं म्हणून वेगळं फिलर गेज (फट मोजायच्या पातळ पत्र्यांचा जुडगा) घ्यायची गरज नाही. मोटरसायकलचे टॅपेट सेट करायला मेकॅनिक वापरतो तेच ऑटो स्पेअरच्या दुकानात मिळतं. फट कमीजास्त असेल तर ट्रस रॉड (नेकचा बाक कमीजास्त करणारी आतली सळई) हळूहळू, एका वेळी पाव फेरा फिरवून पाहा. कितीतरी गिटारी इथेच बऱ्या होतात.

एखाद्याच जागी खरखर राहिली तर फ्रेट रॉकर लागेल. तीन फ्रेटवर टेकवायची ही छोटी पट्टी. ती डुगडुगली की मधला फ्रेट उंच. विकतचा रॉकर चांगलाच असतो, पण सहा इंची स्टीलची पट्टी हॅक्सॉने वेगवेगळ्या लांबीत कापली तरी तेच काम होतं. फक्त तुकड्यांची मूळ कड तशीच ठेवा, कापलेली बाजू टेकवू नका. आणि उंच फ्रेट सापडला की लगेच कानस उचलू नका. आधी तो बोटाने दाबून पाहा. पुष्कळदा तो खाचेतून उचललेला असतो. हलक्या हातोडीने बसवून पातळ सुपरग्लूचा एक थेंब सोडला की घासायचं कारणच उरत नाही.

लेव्हलिंगचा बीम

सगळेच फ्रेट वरखाली असतील तर नेक सरळ करून सरळ बीमवर पॉलिशपेपर चिकटवून सगळ्यांचे माथे एका पातळीत आणतात. मी पहिला बीम ॲल्युमिनियम सेक्शनच्या दुकानातून आणला. चकाचक दिसत होता, म्हणून तपासला नाही. तो मधे किंचित फुगीर होता. सातव्या ते दहाव्या फ्रेटचे माथे जास्त खाल्ले गेले आणि तिथे तार दाबली की पुढचे फ्रेट वाजायला लागले. चूक सर्वस्वी माझी होती.

बीम तपासायचा तर काचवाल्याकडून 12 मिलिमीटर जाडीच्या काचेचा तुकडा आणा. तो टेबलावर ठेवून त्यावर बीम टेकवा आणि मागून टॉर्च मारा. उजेड जिथून झिरपतो तिथे पोकळी. पट्टी तपासायची तर कागदावर तिच्या कडेने रेघ ओढा, पट्टी उलटी करून त्याच दोन टोकांमधून पुन्हा रेघ ओढा. दोन रेघांमध्ये दिसणारी फट म्हणजे पट्टीच्या दोषाची दुप्पट.

दुसऱ्या वेळी मी वागळे इस्टेटमधल्या एका वर्कशॉपमध्ये गेलो. तिथे कळलं की सरफेस ग्राइंडरचा पाट चुंबकी असतो, ॲल्युमिनियमला तो धरत नाही. म्हणून लोखंडाचा 25 मिलिमीटरचा चौकोनी पाइप नेला, लांबी 40 सेंटिमीटर. पाइपची वेल्डिंगची शिवण ज्या बाजूला आहे ती सोडून दुसरी बाजू घासायला सांगा. "साहेब, एवढ्यासाठी मशीन लावायचं?" असा प्रश्न येईलच. चहा पाजा. आयात बीमच्या मानाने तरीही किरकोळात पडतं.

फ्रेटच्या माथ्यांवर मार्कर फिरवा. बीमला 320 नंबरचा पेपर लावून नेकच्या लांबीत, जोर न देता ओढा. सगळीकडचा मार्कर जेमतेम पुसला गेला की थांबा.

क्राउनिंग: इथे हात आखडू नका

लेव्हलिंगनंतर फ्रेटचा माथा सपाट होतो. त्यावर तार एका बिंदूवर न टेकता पसरून टेकते आणि झणझणते. मिरजेचे कारागीर तंबोऱ्याच्या घोडीवर जवारी काढतात ती नेमकी हाच झणझणाट मिळावा म्हणून. आपल्याला तो फ्रेटवर नको, म्हणून माथा पुन्हा गोल करायचा. सूरही त्यानेच जागेवर राहतो, कारण तार मधोमध न टेकता सपाट माथ्याच्या कडेला टेकली तर स्वर थोडा सरकतो.

किटमधली अंतर्गोल फाइल इथे दगा देते. तिची खाच फ्रेटच्या रुंदीशी जुळत नाही, एका कडेला जास्त खाते आणि दात खरबरीत असल्याने ओरखडे सोडते. ते ओरखडे काढता काढता पुन्हा लेव्हल बिघडते. म्हणून सगळ्या यादीतली एकच महागडी वस्तू घ्यायची असेल तर डायमंड क्राउनिंग फाइल घ्या. फ्रेट स्टेनलेस स्टीलचे असतील तर दुसरा उपायच नाही. नेहमीचे फ्रेट निकेल-सिल्व्हरचे असतात (यात चांदी औषधालाही नसते, तांबं, निकेल आणि जस्त). ते मऊ असतात, पण स्टेनलेस साध्या कानशीचे दात बोथट करतं.

बजेट अगदीच नसेल तर सहा इंची त्रिकोणी कानस, स्मूथ कट. पोखरण रोडचं जेकेग्राम ज्या घराण्याच्या नावाने ओळखलं जातं, त्याच घराण्याच्या जेके ब्रँडची कानस हार्डवेअरच्या दुकानात मिळते. तिचे तीनही कोपरे ग्राइंडरवर घासून गुळगुळीत करा, म्हणजे फिंगरबोर्डला (फ्रेट बसवलेल्या लाकडी फळीला) ओरखडा येणार नाही. घासताना वरचेवर पाण्यात बुडवा, तापली तर पोलादाचं पाणी उतरतं. या कानशीने उत्तम क्राउन होतो, पण हात बसायला एखादी भंगारातली नेक लागते. पुन्हा मार्कर फिरवा, दोन्ही बाजूंनी उतार द्या आणि माथ्यावर केसाएवढी मार्करची रेघ उरली की सोडून द्या. ती रेघ पुसली गेली तर तो फ्रेट खाली गेला.

पॉलिशला खास काही लागत नाही. गाड्यांच्या रंगाच्या दुकानातला वॉटरपेपर 600, 1000, 1500, 2000 या क्रमाने. फिंगरबोर्ड झाकायची मास्किंग टेप मात्र आधी पँटला चिकटवून तिचा चिकटपणा मारा, नाहीतर मेपल बोर्डचं लॅकर तिच्याबरोबर निघून येतं. स्टीलवूल वापरणार असाल तर पिकअप (तारांखालचे चुंबकी माइक) झाकून घ्या. चुंबकाला चिकटलेली ती कुसळं कायमची छळतात.

फ्रेट बदलायचेच असतील तर

व्हर्नियरने उंची मोजा. 0.8 मिलिमीटरच्या खाली आली असेल तर घासण्यापेक्षा फ्रेट बदलणं बरं. खिळे उपटायच्या पकडीचं तोंड ग्राइंडरवर सपाट केलं की फ्रेट पुलर तयार. उपटण्याआधी सोल्डरिंग आयर्नने फ्रेट गरम करा, लाकडाचे टवके कमी उडतात. हातोडी प्लॅस्टिकच्या तोंडाची. फ्रेट दाबून बसवायची प्रेस, तिचे कॉल (दाबायचे ठोकळे) वगैरे दुसऱ्यांच्या गिटारी पैसे घेऊन करायला लागाल तेव्हा बघू. आणि घरात एकच गिटार असेल, ती पुन्हा चार-पाच वर्षं बिघडणार नसेल, तर यातलं काहीच घेऊ नका, जाणत्या कारागिराकडे द्या.

कानशीचं एक सांगायचं राहिलं. घासण्याआधी दातांवर खडू फिरवा, म्हणजे भुकटी अडकत नाही. काम झाल्यावर ब्रशने खडू पूर्ण झाडा, कारण तो ओल धरून ठेवतो. पावसाळ्यात तेलाचा हात लावून वर्तमानपत्रात गुंडाळून ठेवा, आणि पुन्हा वापरण्याआधी तेल पुसायला विसरू नका.