लहान मुलांच्या कार्यक्रमाचं कोऑर्डिनेशन कसं करायचं, तेही हातात अधिकार नसताना

लहान मुलांसाठीच्या आरोग्य, पोषण, शिक्षण अशा वेगवेगळ्या सेवांचा मेळ घालायचं हे काम अंगावर आलं की पहिली अडचण कळते ती ही की नर्स, बालवाडीच्या ताई, समुपदेशक यातलं कुणीच तुमच्या हाताखाली नाही, प्रत्येकाचा साहेब वेगळा, त्यामुळे नुसत्या ऑर्डरी देऊन काही होत नाही.

आधी एक तक्ता करा. २०१८ मध्ये जागतिक आरोग्य संघटना, युनिसेफ आणि जागतिक बँक यांनी मिळून एक आराखडा काढला, त्यात मुलाच्या गरजा ५ भागांत मांडल्यात: आरोग्य, पोषण, सुरक्षितता, शिकायच्या संधी आणि मुलाच्या खाणाखुणा ओळखून प्रतिसाद देणारी काळजी. हेच रकाने घ्या आणि कोण काय देतं ते भरा. शेवटचा रिकामा राहिला तर नवल नाही, ते कुठल्याच खात्याचं काम नसतं ना!

मग मीटिंग बोलवायच्या आधी एकेकाला त्यांच्या जागी जाऊन भेटा, त्यांचं काय अडतंय ते विचारा. स्वतःचा प्लॅन तेव्हा बॅगेतच राहू द्या.

आता खरं काम, रेफरलचं, म्हणजे मुलाला पुढच्या तपासणीला किंवा मदतीला दुसरीकडे पाठवायचं. दोन वर्षांचं मूल अजून बोलत नाही, ताईंनी चिठ्ठी दिली, आई गेली, तिथे म्हणाले पुढच्या महिन्यात या, आणि नंतर कुणी विचारलंच नाही. प्रत्येकाने आपलं काम केलं, पण मूल तिथंच राहिलं. म्हणून एक साधी शीट ठेवा, कुठे पाठवलं, कधी, पोचलं का, पुढे काय झालं, आणि पाठपुरावा कोण करणार. इथे संस्थेचं नाही तर माणसाचं नाव लिहा, ‘टीम बघेल’ लिहिलं की कुणीच बघत नाही. आणि पालकांची परवानगी घेतल्याशिवाय माहिती इकडून तिकडे द्यायची नाही, दिली तरी लागेल तेवढीच.

मीटिंग अडकलेल्या केसेसपासून सुरू करा.

पालकांना बोलवाल तर एकालाच नको, एवढ्या अधिकाऱ्यांत एकटं माणूस गप्पच बसतं. वेळ त्यांच्या सोयीची ठेवा, मुलं सांभाळायला कुणीतरी बघा, आणि निर्णय झाल्यावर नुसती सही घ्यायला तर बोलवूच नका.

घरभेटी करणाऱ्यांना रिपोर्टपलीकडे बोलायला ठरलेला वेळ द्या, कारण घराघरात त्या बरंच जड ऐकून येतात. अधूनमधून सोबत जा, पण परत येताना चुका काढण्याआधी ‘तुम्हाला काय दिसलं?’ असं त्यांना विचारा.