पहिली डर्बी कार: वेल्डिंग नंतर, पेट्रोलची लाइन आधी

डिमॉलिशन डर्बी म्हणजे आखाड्यात जुन्या गाड्या मुद्दाम एकमेकींवर आदळण्याची स्पर्धा. तिच्यासाठी पहिली कार बांधायची ठरली की बहुतेकजण आधी वेल्डिंग मशीन भाड्याने आणतात. ते तूर्त राहू द्या. नवख्यांच्या गाड्या चेपून चेपून बाद होतात असं ग्रँडस्टँडवरून वाटतं. आखाड्याच्या कडेला उभं राहून पाहिलं की कळतं, त्यातल्या बऱ्याच नुसत्या बंद पडलेल्या असतात. पत्रा शाबूत, इंजिन ठणठणीत, स्टार्टर फिरतोय, पण पेट्रोल पोहोचत नाही किंवा करंट पोहोचत नाही. म्हणून इथे पत्र्याबद्दल थोडं आणि टाकी, पंप, वायरिंग यांबद्दल पुष्कळ लिहिते आहे.

हे सगळं अमेरिकेच्या मिडवेस्टमधल्या, मुख्यतः इंडियाना आणि ओहायोकडच्या काउंटी फेअरमधल्या, म्हणजे तिथल्या जिल्ह्याच्या जत्रेतल्या, डर्बीबद्दल आहे. शेवटपर्यंत हलती राहणारी गाडी जिंकते. ठरलेल्या वेळात धडक दिली नाही तर बाद, आणि ड्रायव्हरच्या दारावर धडक द्यायची नाही. कोलंबस, इंडियानाला कमिन्स या इंजिनांच्या कंपनीमुळे पुण्याहून आलेली मराठी मंडळी बरीच आहेत. उन्हाळ्यात मुलांना जत्रा दाखवायला नेतात, डर्बी बघतात आणि मग विचारतात, आपल्याला जमेल का? पाना धरता येत असेल आणि नियमपत्रिका शेवटच्या ओळीपर्यंत वाचायची तयारी असेल तर नक्की जमेल.

ती नियमपत्रिका गाडी घेण्याआधी मिळवा. प्रत्येक फेअरचे नियम वेगळे असतात: कुठे दारं वेल्ड करता येतात, कुठे फक्त साखळीने बांधता येतात, कुठे बंपर बदलता येतो, कुठे नाही. शेजारच्या काउंटीत चाललेली गाडी तुमच्या काउंटीत तपासणीतूनच परत जाऊ शकते. पहिल्या वर्षी ‘स्टॉक’ गटातच नाव द्या, म्हणजे मूळ गाडीत कमीत कमी बदल.

गाडी कोणती? माझं उत्तर ठरलेलं आहे: फोर्ड क्राउन व्हिक्टोरिया, नाहीतर तिचीच बहीण मर्क्युरी ग्रँड मार्क्विस. चासिस वेगळी आणि बॉडी तिच्यावर बसवलेली, ४.६ लिटरचं व्ही-८ इंजिन, ओढ मागच्या चाकांना. २०११ मध्ये उत्पादन थांबलं तरी भंगारवाल्यांकडे आणि जुन्या पोलिसगाड्यांच्या लिलावात अजून सापडते. छोट्या गटात उतरायचं तर कॅव्हेलियर किंवा कोरोला चालेल. फक्त पुढच्या चाकांनी ओढणाऱ्या गाडीचा एक्सल चाकावर एक तिरकी धडक बसली की निखळतो, हे धरून चला. नियमांत ‘इम्पीरियल चालणार नाही’ अशी ओळ दिसली तर ती १९६४ ते १९६६ च्या क्रायस्लर इम्पीरियलसाठी आहे. त्या गाड्या इतक्या भक्कम निघाल्या की अनेक ठिकाणी त्यांना बंदी घातली गेली. गाडी घेताना टायटलचा, म्हणजे मालकीचा, कागद हातात घ्या आणि ती चालू असताना घ्या. ‘थोडं काम केलं की सुरू होईल’ अशी गाडी घेऊ नका.

गाडी उघडी करणं सोपं आहे. काचा, दिवे, प्लास्टिक, गालिचा, मागची सीट, सगळं बाहेर. काचा फोडू नका, काढा. फोडलेली काच दाराच्या पोटात साठते आणि धडकेला तोंडावर येते. बॅटरीची केबल काढून काही मिनिटं थांबल्याशिवाय एअरबॅगला हात लावू नका. एसीचा गॅस हवेत सोडणं कायद्याने गुन्हा आहे, तो गॅरेजमधून काढून घ्या.

दारं आणि डिकी नियमांप्रमाणे बांधा. बॉनेटला आग विझवण्यासाठी भोक ठेवावं लागतं, ते सांगितलेल्या मापाचंच पाडा. चासिसला मात्र वेल्डिंगचा थर देत बसू नका. गाडीने धडक गिळली नाही तर ती तुमच्या मानेला गिळावी लागते, आणि जाड वेल्डच्या लगतचा पत्रा पुढच्या धडकेला चिरतो. मागचा भाग चेपलाच पाहिजे. फक्त तो वरच्या दिशेने दुमडायला हवा, कारण खाली दुमडला तर शेपूट जमिनीला टेकते आणि मागची चाकं हवेत नुसती फिरतात.

आता टाकी. माझा सगळ्यात जास्त वेळ याच कामात गेला आणि सगळ्यात वाईट सल्लेही याच कामाबद्दल ऐकले.

क्राउन व्हिक्टोरियाची मूळ टाकी मागच्या एक्सलच्याही मागे असते. डर्बीत आपण पुढचा रेडिएटर वाचवण्यासाठी मुद्दाम मागच्या बाजूने धडकतो. म्हणजे ती टाकी जायलाच हवी, तिथे चर्चा नाही. तिच्याऐवजी बोटीची ५ गॅलनची, म्हणजे साधारण १९ लिटरची, पत्र्याची टाकी किंवा रेसिंगचा फ्युएल सेल, म्हणजे शर्यतीच्या गाड्यांची सुरक्षित टाकी, घ्या. गवत कापण्याच्या मशीनसाठी वापरतात तो प्लास्टिकचा कॅन कुणी सुचवला तर त्या माणसाचा पुढचा कुठलाच सल्ला घेऊ नका.

नवी टाकी बसते ती मागच्या सीटच्या जागी, बरोबर मध्यभागी, ड्रायव्हरच्या सीटच्या मागे. तिच्या मागे निदान हातभर जागा मोकळी सोडा, कारण डिकी चेपत चेपत तिथपर्यंत येणार आहे. दोन पोलादी पट्ट्या, फरशीतून आरपार बोल्ट, खालून मोठे वॉशर. ट्रकवर सामान बांधायचे कापडी पट्टे ताणले जातात आणि जळतात. बसवून झालं की टाकी दोन्ही हातांनी हलवा. गाडी हलली पाहिजे, टाकी नाही.

मग पंप. मूळ पंप जुन्या टाकीच्या आत होता, तो टाकीबरोबर गेला. इथे सल्ला मिळतो, ‘कुठलाही इलेक्ट्रिक पंप लाव, चालतं.’ चालत नाही. कार्बोरेटरच्या गाडीसाठी मिळणारा पंप ५ ते ७ पीएसआय (दाब मोजायचं एकक) दाब देतो, आणि या फ्युएल इंजेक्शनच्या इंजिनाला लागतो साधारण ४०. कमी दाबाच्या पंपावर गाडी कधीकधी सुरूही होते, अंगणात गुरगुरत उभी राहते, आणि आखाड्यात ॲक्सिलरेटर दाबला की मरते. तोवर लोक स्पार्क प्लग बदलत बसलेले असतात. इंजेक्शनसाठीचा बाहेर बसणारा पंपच घ्या. असा पंप ढकलतो जोरात पण ओढतो कमी, म्हणून तो टाकीला लागून, तिच्या तळाच्या पातळीला बसवा आणि टाकीपासून पंपापर्यंतची नळी आखूड ठेवा. पंपाआधी जाड जाळीचा फिल्टर, पंपानंतर बारीक.

पंपापुढे दाबाचा रेग्युलेटर हवाच, आणि जास्तीचं पेट्रोल टाकीत परत आणणारी रिटर्न लाइनही हवी. मूळ गाडीत रिटर्न नव्हती म्हणून आताही नको, हा युक्तिवाद मी पुष्कळदा ऐकला आहे. मूळ गाडीत दाब सांभाळायची सोय वेगळी होती, ती तुम्ही काढून टाकलीत. रेग्युलेटरवर छोटा गेज लावा आणि इंजिन चालू असताना आकडा स्वतः बघा.

नळीवर काय छापलंय ते वाचा. ‘एसएई जे३०आर९’ असेल तर ती इंजेक्शनच्या दाबाची. ‘जे३०आर७’ कार्बोरेटरची, ती दिसायला तशीच असते आणि स्वस्तही असते, पण घेऊ नका. क्लॅम्प कडा दुमडलेले घ्या; दातांच्या पट्टीचे साधे क्लॅम्प नळीचं रबर कापतात. लाइन गाडीच्या खालून नेऊ नका, आतून न्या, एग्झॉस्टपासून लांब. फायरवॉलच्या, म्हणजे इंजिन आणि केबिन यांमधल्या पत्र्याच्या, भोकाला रबरी ग्रोमेट (कडेचं कडं) लावा आणि तिथे नळीला थोडी ढील ठेवा. पुढून मोठी धडक बसली की इंजिन आणि फायरवॉल दोन्ही सरकतात, आणि ताणून बसवलेली नळी तोंडातून निसटून तापलेल्या इंजिनावर पेट्रोल ओतते. डर्बीत आग लागते ती बहुधा अशी.

टाकीला हवा लागते. झाकण घट्ट बंद आणि व्हेंट, म्हणजे हवेची वाट, नाही, तर आत निर्वात तयार होऊन पेट्रोल येणं थांबतं. नुसतं उघडं भोक ठेवलं तर गाडी कलंडल्यावर तेच गळतं. गाडी उलटली की आपोआप बंद होणारा व्हेंट व्हॉल्व मिळतो, तो लावा.

आता फोर्डच्या गाडीतली एक खास गोष्ट. क्राउन व्हिक्टोरियाच्या डिकीत इनर्शिया स्विच असतो. अपघाताचा धक्का बसला की तो पंपाची वीज तोडतो. रस्त्यावर तो जीव वाचवतो. डर्बीत मात्र पहिल्याच चांगल्या धडकेला तुमची गाडी बंद करतो, आणि तुम्ही आत बसून किल्ली फिरवत राहता. म्हणून तो वगळावा लागतो. पण तिथेच थांबणाऱ्यांचा मला राग येतो. एक संरक्षण काढलंत तर त्याच्या जागी दुसरं द्या. पंपाची वीज रिलेतून (विजेवर चालणाऱ्या स्विचमधून) आणि ऑइल प्रेशर स्विचमधून न्या: इंजिन थांबलं की ऑइलचा दाब जातो आणि पंपही थांबतो. सुरू करताना स्टार्टर थोडा जास्त फिरवावा लागेल, तेवढं सोसा. शिवाय एक मोठा टॉगल स्विच लाल रंगवून, वर ‘पंप’ लिहून अशा जागी लावा की बेल्ट बांधलेल्या अवस्थेत तुमचा हात पोहोचेल आणि खिडकीतून आग विझवणाऱ्याचाही. स्विच नुसताच लावून ऑइल प्रेशरचा भाग सोडून देणारे म्हणतात, ‘मी बंद करीन ना हाताने.’ बेशुद्ध माणूस स्विच बंद करत नाही.

हे सगळं झालं की गाडी अंगणात अर्धा तास चालवा. रेस द्या, पुढे-मागे झटके द्या. मग इंजिन बंद करून, ते गार झाल्यावर प्रत्येक जोडाखाली पांढरा कागद फिरवा. एक ओला ठिपका दिसला तरी तो जोड पुन्हा करा. पेट्रोल हाताळताना गॅरेजचं दार उघडं ठेवा आणि वेल्डिंगचं सगळं काम टाकी बसवण्याच्या आधी संपवा.

बॅटरी शेजारच्या सीटच्या जागी, खाली फरशीवर. पेटीत ठेवून पोलादी पट्टीने बोल्ट करा, टोकांवर जाड रबर झाका. प्लसची जाड केबल पत्र्याच्या कडेला कुठेही घासता कामा नये. ती कापली गेली की ठिणगी पडते. मूळ वायरिंगचा गुंता कापून ‘सोपं’ करायला जाऊ नका. किल्लीत चिप असलेल्या गाडीला तिची मूळ किल्ली आणि तिचा कॉम्प्युटर हवाच असतो. दिवे, रेडिओ, खिडक्या यांच्या वायरी टोकं झाकून तशाच बांधून ठेवा.

रेडिएटरमध्ये फक्त साधं पाणी. गिअरबॉक्सचं तेल गार करणाऱ्या नळ्या मात्र रेडिएटरमधून सोडवून एकमेकींना जोडून टाका, नाहीतर रेडिएटर फुटला की गिअरबॉक्सही रिकामा होतो. डर्बीच्या थोड्या वेळापुरतं हे बहुधा चालून जातं.

सीट फरशीला पक्की बोल्ट केलेली, तिच्यामागे नियमांत बसणारा आडवा पाइप, ड्रायव्हरच्या दाराला आतून गादी. हेल्मेट, मानेचा पट्टा, पूर्ण बाह्यांचे सुती कपडे. या यादीत काटकसर करू नका. पैसे कमी पडले तर रंग देऊ नका. नियमाप्रमाणे ड्रायव्हरचं दार पांढरं आणि छतावर नंबर, एवढा रंग पुरे.

तपासणीला लवकर जा, कारण काही बदलायला सांगितलं तर वेळ हवा. जादा नळी, क्लॅम्प, फ्यूज, रिले आणि पाण्याचे कॅन बरोबर ठेवा. टाकीत दोन-तीन गॅलनच भरा, त्याहून जास्त लागत नाही. डर्बी संपली की गाडी ट्रेलरवर चढवण्याआधी बॅटरीची केबल सोडा आणि उरलेलं पेट्रोल काढा. मग टाकी, पंप, रेग्युलेटर, बॅटरीची पेटी, सीट आणि स्विचांची पाटी उतरवून घ्या. नळ्या फेकून द्या, पुढच्या गाडीला नव्या घ्या. उरलेला सांगाडा भंगारवाल्याकडे.