मोटारसायकलला स्वयंचलित चेन ऑइलर बसवताना

व्हॅक्यूमवर (हवेच्या कमी दाबावर) चालणाऱ्या ऑइलरची रचना साधी असते: इंजिन सुरू असताना इनटेक मॅनिफोल्डमधील (इंजिनात हवा नेणाऱ्या मार्गातील) व्हॅक्यूममुळे तेलाच्या टाकीतील झडप उघडते आणि तेल स्वतःच्या वजनाने बारीक नळीतून मागच्या स्प्रॉकेटवर (चेन फिरवणाऱ्या मागच्या चाकाच्या दातेरी चकतीवर) उतरते. म्हणूनच टाकी नळीच्या टोकापेक्षा उंचावर आणि शक्यतो उभी बसवावी.

काम सुरू करण्यापूर्वी चेन स्वच्छ करून तिचा ताण तपासावा. व्हॅक्यूमची नळी मॅनिफोल्डवरील मोकळ्या तोटीला घट्ट बसवावी, कारण तेथून हवा आत गेली तर इंजिनची मंद गती (आयडलिंग) बिघडते. तेलाची नळी स्विंगआर्मच्या (मागचे चाक धरणाऱ्या दांड्याच्या) कडेने न्यावी. सायलेन्सर, टायर आणि चेन यांपासून ती दूर राहील आणि सस्पेन्शन पूर्ण दबले तरी ताणली जाणार नाही, एवढी ढील ठेवावी.

सर्वाधिक वेळ नळीच्या टोकावर खर्च करावा. ते स्प्रॉकेटच्या खालच्या भागात, दातांच्या किंचित आत, बाजूच्या पृष्ठभागाला हलके टेकलेले असावे. तेथे पडलेले तेल चाकाच्या फिरण्याने आपोआप बाहेर, चेनपर्यंत सरकते.

नळीतील हवा काढल्यानंतर, इंजिन सुरू ठेवून, मिनिटाला साधारण १ थेंब पडेल असा प्रवाह ठेवावा आणि पहिल्या फेरीनंतर टायर व ब्रेक डिस्क अवश्य तपासावी. तेथे तेलाचा अंशही दिसला, तर ते पुसून प्रवाह कमी केल्याशिवाय गाडी चालवू नये.