तिसऱ्यांचं सुकं झालं की... : शिंपल्यांचे दागिने घरी करायला काय लागतं

तिसऱ्या, म्हणजे खायचे शिंपले, विळीवर उघडताना आपण अर्धा शिंपला मांसासकट पातेल्यात टाकतो आणि रिकामा अर्धा कचऱ्यात. तो रिकामा अर्धा फेकू नका. त्याला मसाला लागलेला नसतो, तुटफूट कमी असते आणि पैसे आधीच बाजारात मोजलेले असतात. माझ्या कानातल्यांच्या बहुतेक जोड्या अशाच रविवारच्या जेवणातून निघाल्या आहेत.

अर्थात मुंबईत शिंपले म्हटलं की पावलं चौपाटीकडे वळतात. जुहू, आक्सा, गोराई कुठेही जा, पण पंचांग बघून जा. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला आपल्याकडे भरती साधारण दुपारी आणि मध्यरात्रीच्या सुमारास येते, म्हणजे ओहोटी सकाळी सहा-सातला मिळते आणि पाणी खूप आत जातं. अष्टमीच्या भांगाला गेलात तर पाणी फारसं ओसरतच नाही. पावसाळ्यात जाऊच नका.

उचललेला प्रत्येक शंख उलटा करून बघा. आत कुणी असेल तर होता तिथे ठेवा. रिकाम्या शंखांत छोटे खेकडे बिऱ्हाड करतात. मुंबईत जागेची टंचाई त्यांनाही आहे, त्यामुळे सगळे रिकामे शंखही उचलून आणू नका. आइस्क्रीमच्या कोनासारखा निमुळता शंख जिवंत असेल तर बोटही लावू नका, त्याचा दंश विषारी असतो. प्रवाळ, समुद्रघोडे, नॉटिलस आणि काही मोठ्या शंख-शिंपल्यांना १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचं संरक्षण आहे. ते वाळूत दिसोत की दुकानात, घेऊ नका. कवड्या हव्या असतील तर पूजासाहित्याच्या दुकानात जा. तुळजाभवानीच्या आराध्यांच्या माळेला लागतात त्याच कवड्या तिथे सुट्या मिळतात. पाठ घासलेली कवडी मागा, तिच्यातून दोरा सहज ओवता येतो.

आधी वास घालवा

कोमट पाण्यात चमचाभर धुण्याचा सोडा आणि भांड्यांच्या साबणाचे दोन थेंब घालून शिंपले रात्रभर ठेवा. सकाळी जुन्या टूथब्रशने घासा, बिजागरीच्या खाचेत विशेष, कारण वास तिथेच दडून बसतो. मसाल्यात शिजलेले शिंपले असतील तर हळदीचा पिवळेपणा साबणाने जात नाही. एक दिवस कडक उन्हात ठेवा, उडून जातो. पण आठवडाभर उन्हात विसरलात तर शिंपल्याचा स्वतःचा रंगही उडेल.

व्हिनेगर किंवा लिंबू वापरू नका. शिंपला म्हणजे मुख्यतः कॅल्शियम कार्बोनेट, ते आम्लात विरघळतं. मी एकदा 'चमक येईल' म्हणून वाटीभर शिंपले व्हिनेगरमध्ये ठेवले आणि फोनवर बोलत बसले. परत आले तेव्हा त्यांची नक्षी गेली होती आणि हातात खडू धरल्यासारखं वाटत होतं. ब्लीच वापरणार असाल तर पातळ करून, खिडकी उघडून, आणि त्यात संडास साफ करायचं आम्ल किंवा व्हिनेगर कधीही मिसळू नका; विषारी क्लोरीन वायू तयार होतो.

सगळा खेळ भोकाचा

बाकी सामान कितीही हौसेनं घ्या, भोक नीट पडलं नाही तर दागिना होत नाही. त्यामुळे खर्च करायचाच तर इथे करा.

पहिले दोन-तीन दागिने तर भोक न पाडताच करा. वाळूत असे शिंपले सापडतात ज्यांना आधीच एक गोल, आत निमुळतं होत गेलेलं भोक असतं, अगदी मशीनने पाडल्यासारखं. ते काम एका शिकारी समुद्री गोगलगाईचं. ती शिंपल्याला धरून बसते, आम्ल सोडून कवच मऊ करते, दातेरी जिभेने खरवडते आणि आतला जीव खाते. आपल्याला तयार माल मिळतो.

स्वतः पाडायचं तर हातड्रिल घ्या. पेनाएवढं असतं, बोटांनी फिरवायचं. त्याला १ ते १.५ मिमीचं हिऱ्याचा थर दिलेलं बिट लावा. साधी लोखंडाची बिटं शिंपल्यावर लवकर बोथट होतात. मशीद स्टेशनला उतरून नागदेवी स्ट्रीटला गेलात तर हत्यारांच्या दुकानांत दोन्ही मिळतील. बॅटरीवरची छोटी मशीन नंतर घ्या. प्लगवर चालणारी मात्र या कामाला नकोच, कारण इथे पाणी लागतं.

उथळ ताटलीत मुलांच्या खेळण्यातली चिकणमाती थापा, त्यात शिंपला उताणा रुतवा, म्हणजे आतली खोलगट बाजू वर येईल. शिंपला जेमतेम बुडेल एवढं पाणी ओता. कडेपासून ३ मिमी आत पेन्सिलची खूण करून बिट सरळ उभं धरा आणि फिरवा. जोर लावू नका. निम्मं झालं की शिंपला उलटा करून दुसऱ्या बाजूने पुरं करा. एकाच बाजूने आरपार गेलात तर शेवटच्या क्षणी कपची उडते.

पाणी घालण्याला कारण आहे. शिंपल्याची कोरडी भुकटी फुप्फुसांना वाईट. कोरडं घासायचं नाही आणि तोंडावर धूळ अडवणारा मास्क हवाच. कडा गुळगुळीत करायला हार्डवेअरवाल्याकडचा वॉटर पेपर (ओला वापरायचा पॉलिश पेपर) आणा, आधी २२० नंबरचा, मग ४००, शेवटी १०००. तोही ओलाच घासायचा. भोकाच्या आतली धार टोकदार ठेवलीत तर मेणदोरा महिन्याभरात कापला जातो, म्हणून कागदाची बारीक सुरळी करून आतूनही फिरवा.

जोडणी

तीन पकडी पुरतात: गोल तोंडाची, चपटी आणि तार कापायची. भुलेश्वरच्या इमिटेशन दागिन्यांच्या गल्ल्यांत कड्या, हूक, फासे सगळं मिळतं. जाताना पिशवीत दोन शिंपले ठेवा, कारण कडी भोकातून जाऊन शिंपल्याच्या कडेवर मोकळी हलते का, हे दुकानातच कळतं. साधारण ६ ते ८ मिमीची लागते. तारेच्या गेजचा आकडा वाढला की तार बारीक होते: हुकांना २०, शिंपल्याभोवती वेटोळं घालायला २४.

कानात जाणारा भाग स्टेनलेस स्टीलचाच घ्या. माझी पहिली जोडी स्वस्तातल्या सोनेरी हुकांची होती. जुलैत लोकलच्या गर्दीत दोनदा घामाने भिजली आणि हूक हिरवे पडले. मैत्रिणीला भेट दिली होती, म्हणून जास्त वाईट वाटलं.

कडी उघडताना दोन टोकं दोन बाजूंना ताणू नका. एक टोक पुढे, एक मागे अशी पिरगळा आणि तशीच बंद करा. ताणलेली कडी पुन्हा गोल होत नाही आणि शिंपला कुठेतरी प्लॅटफॉर्मवर पडतो.

भोक न पाडता चिकटवायचं असेल, अंगठीवर वगैरे, तर झटपट चिकटणारं गोंद टाळा. आपल्या दमट हवेत त्याचा पांढुरका थर शिंपल्यावर बसतो. रेझिन आणि हार्डनर समान भाग मिसळायचं अॅरल्डाइट बरं. दोन्ही पृष्ठभाग आधी वॉटर पेपरने खरखरीत करा आणि चिकटवून एक दिवस हलवू नका.

चमक हवी असेल तर बेबी ऑइलचा एक थेंब कापडावर घेऊन पुसा. नेलपॉलिशचा पारदर्शक थर मला आवडत नाही, शिंपला प्लास्टिकचा वाटू लागतो.

जोडी लावताना दोन्ही शिंपले स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर ठेवून बघा. कानातल्याचं एक नग ५ ग्रॅमच्या वर गेलं की मी ते गळ्यातल्याकडे वळवते. एकाच तिसरीचे दोन अर्धे जपून ठेवले असतील तर डावा-उजवा तंतोतंत जुळतो, म्हणून सुकं करणाऱ्याला आधीच सांगून ठेवा: मांसाचा अर्धा ताटातून परत हवा आहे.