एका साध्या मंगळवाराची नोंद : ‘जगभरातील मुले’ हा प्रकल्प कसा करावा

शाळेने ‘जगभरातील मुले’ असा प्रकल्प दिला की बहुतेक घरांत वेगवेगळ्या पोशाखांतल्या मुलांची चित्रे कापून तक्त्यावर चिकटवली जातात. तक्ता देखणा होतो, पण त्यातले मूल किती वाजता उठते, त्याचा डबा कोण भरते, धाकट्या भावंडाला कोण सांभाळते, हे काहीच कळत नाही. म्हणून पाचवी ते सातवीच्या मुलांकडून हा प्रकल्प करून घेताना सणवार बाजूला ठेवावेत आणि एखाद्या साध्या मंगळवारापासून सुरुवात करावी.

पहिली नोंद स्वतःच्या दिवसाची असावी. वहीत चार रकाने आखून मुलाने दर अर्ध्या तासाला काय केले, कुठे केले, कोणाबरोबर केले आणि कोणाच्या सांगण्यावरून केले, हे लिहावे. चौथा रकाना सर्वांत महत्त्वाचा आहे. व्हॅन, शाळा, क्लास, गृहपाठ असा दिवस उतरवून काढल्यावर ‘मी स्वतः ठरवले’ असे किती ठिकाणी लिहिता आले, हे मूल स्वतःच मोजते. त्यावर मोठ्यांनी भाष्य करण्याची गरज नसते.

दुसरी नोंद आजी-आजोबांची. ‘तुमचे बालपण कसे होते?’ असे विचारले तर ‘आमच्या वेळी सगळे चांगले होते’ एवढेच उत्तर मिळते. त्याऐवजी वस्तूंबद्दल विचारावे: वाड्यातल्या नळाला पाणी कधी यायचे आणि ते कोण भरायचे, भोंडल्याची खिरापत झाकून कोण आणायचे, सागरगोटे कुठून मिळायचे. दिवाळीतला किल्ला हा तर चौकशीसाठी उत्तम विषय आहे. दगड-विटा रचून त्यावर पोते घालणे, माती कालवून थापणे, हळीव किंवा मोहरी पेरून हिरवळ उगवण्याची वाट पाहणे आणि शेवटी मावळ्यांची चित्रे मांडणे, या प्रत्येक टप्प्यावर कोणते मूल काय करत होते आणि कोणाचा शब्द अखेरचा मानला जात होता, हे खोदून विचारावे. बऱ्याच वेळा उत्तरात एकही मोठा माणूस नसतो. आयता किल्ला विकत आणणाऱ्या मुलांसाठी ही माहिती नवी असते.

तिसऱ्या नोंदीसाठीही पुण्याबाहेर जावे लागत नाही. वर्गात किंवा सोसायटीत केरळ, बिहार, मणिपूर येथून आलेल्या कुटुंबांतली मुले असतात, शेजारच्या बांधकामावर मराठवाड्यातून आलेल्या मजुरांची मुले असतात. त्यांच्याशी बोलताना तेच चार रकाने वापरावेत. नऊ वर्षांची मुलगी धाकट्या भावाला कडेवर घेऊन पाणी भरते, असे समजल्यावर आपली मुले पटकन ‘बिचारी’ म्हणतात. हा शब्द वहीत येऊ देऊ नये. भावंडे सांभाळणे हे जगातल्या असंख्य समाजांत मोठ्या मुलांचे नेहमीचे काम आहे आणि ते जबाबदारीने करणाऱ्या मुलीला स्वतःचा अभिमानही वाटू शकतो. मात्र त्या कामापायी तिची शाळा बुडत असेल तर गोष्ट वेगळी होते, कारण 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याने 6 ते 14 वयाच्या प्रत्येक मुलाला मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क दिला आहे. हा फरक शिक्षकांनी मुलांसमोर स्पष्ट मांडावा.

यानंतर परदेशाकडे वळावे, तेही देश निवडून नव्हे, तर एखादी वस्तू किंवा कृती निवडून. सागरगोट्यांचे उदाहरण घ्या. आपल्याकडे काटेरी वेलीच्या टणक बिया झेलतात, तुर्कस्तानात पाच खडे, कोरियात ‘गोंगी’ नावाच्या खेळासाठी पूर्वी खडे आणि आता रंगीत प्लास्टिकचे तुकडे. मंगोलियात मेंढ्यांच्या घोट्याची हाडे खेळायला घेतात आणि हाड ज्या बाजूवर पडेल त्यानुसार ते घोडा, उंट, मेंढी किंवा शेळी ठरते. मेंढपाळाच्या तंबूभोवती बिया नाहीत, हाडे मात्र भरपूर आहेत, हे कारण मुलांना स्वतः शोधू द्यावे. ब्रूगेल या चित्रकाराचे 1560 सालचे, मुलांच्या खेळांनी भरलेले चित्र व्हिएन्नाच्या संग्रहालयात आहे. ते संगणकावर मोठे करून आजीसमोर धरावे आणि तिला त्यात कोणकोणते खेळ ओळखता येतात ते लिहून घ्यावे. डाव्या कोपऱ्यात हाडे झेलत बसलेल्या मुली तिला बहुधा लगेच सापडतील.

तुलना करताना घाई मात्र नको. जपानमधील प्राथमिक शाळेतली मुले गटाने चालत शाळेत जातात, जेवण एकमेकांना वाढतात आणि वर्ग स्वतः झाडतात, हे वाचून ‘तिकडची मुले स्वावलंबी, आमची लाडावलेली’ असा निष्कर्ष आपण पालकच आधी काढतो. तिथे सरकारी प्राथमिक शाळा सहसा घराजवळचीच नेमून दिलेली असते. कोथरूडच्या मुलाची शाळा कॅम्पात असेल आणि मध्ये कर्वे रस्ता असेल, तर ते व्हॅननेच जाणार. प्रत्येक फरकापुढे ‘तिथे असे करणे कशामुळे शक्य होते?’ हा प्रश्न लिहायला लावावा आणि उत्तर मिळाले नाही तर ती जागा कोरी सोडावी.

शेवटची मांडणी देशांप्रमाणे करू नये. उठणे, डबा, काम, खेळ आणि झोप असे तक्ते करावेत, म्हणजे हडपसरची मुलगी आणि ओसाकाची मुलगी एकाच तक्त्यावर शेजारी-शेजारी येतात. ज्यांच्याशी बोलणे झाले त्या मुलांच्या पालकांना विचारल्याशिवाय छायाचित्र लावू नये, टोपणनाव वापरावे, आणि घराचा पत्ता किंवा शाळेत जाण्या-येण्याची वेळ कोणत्याही तक्त्यावर लिहू नये.