सात सीटांच्या गाडीत वूफर-ॲम्प बसवताय? या चुका टाळा

वूफरची, म्हणजे खोल बेस वाजवणाऱ्या मोठ्या स्पीकरची, जागा ठरते तेव्हा गाडी बहुतेक वेळा रिकामी असते. मागची सीट पाडलेली, डिकी मोकळी, बारा इंची बॉक्स आत ठेवून बघितला की बरोब्बर मावतो. मग गणपतीला गावी निघायच्या आदल्या रात्री घरातले सात जण आणि त्यांच्या बॅगा खाली येतात. तेव्हा कळतं, बॉक्स ठेवला तर मागची सीट उघडत नाही. एका अर्टिगातला असाच बॉक्स मी रात्री साडेदहाला काढून दिलाय. वायरींची टोकं एकेक करून टेपने गुंडाळली आणि बॉक्स त्यांच्या गॅलरीत जाऊन बसला. हौसेने केलेलं काम ऐन लांबच्या प्रवासातच उपयोगी पडलं नाही, याचं मला त्यांच्याइतकंच वाईट वाटलं.

म्हणून पहिला आग्रह हा, की जागा ठरवताना सगळ्या सीटा उभ्या करा आणि शक्य असेल तर माणसंही बसवा. दुसऱ्या पिढीच्या अर्टिगात तिन्ही रांगा वापरात असताना डिकी २०९ लिटरचीच उरते. बारा इंची वूफरच्या सीलबंद बॉक्सला आतून साधारण २८ ते ३५ लिटर जागा लागते. त्यात १८ मिलिमीटरच्या एमडीएफची (दाबलेल्या लाकडी भुश्याच्या फळीची) जाडी धरली की बाहेरून तो ४५ लिटरच्या आसपास जातो. पोर्टवाला, म्हणजे हवेसाठी भोक ठेवलेला बॉक्स त्याहून मोठा. इनोव्हा क्रिस्टाचं दुखणं वेगळं आहे. तिच्या मागच्या सीटा दुमडून दोन्ही बाजूंना वर अडकवतात, त्यामुळे बाजूच्या पॅनेलला लावलेला ॲम्प (वूफरला ताकद देणारा ॲम्प्लिफायर) किंवा बॉक्स सीट दुमडताना आडवा येतो. सीट एकदा उघडून, एकदा दुमडून बघितल्याशिवाय एकही स्क्रू मारू देऊ नका.

घरात कायम सहा-सात माणसं फिरत असतील तर मी बारा इंचीचा हट्ट सोडायला सांगतो. पुढच्या सीटखाली जाणारा आठ इंची ॲक्टिव्ह वूफर, ज्यात ॲम्प आतच असतो, किंवा डिकीच्या मापाने बनवून घेतलेला दहा इंचीचा उथळ बॉक्स पुरेसा होतो. सीटखाली बसवताना सीट पूर्ण पुढे, पूर्ण मागे सरकवून बघा. तिथले पिवळे कपलर एअरबॅग आणि सीटबेल्टच्या यंत्रणेचे असतात. ते हलवायचे नाहीत, वाटेत आले तर वूफरची जागा बदलायची.

लहान गाडीत घुमायचा, इथे मऊ का वाजतो?

ही तक्रार हॅचबॅकमधून मोठ्या गाडीत आलेल्या प्रत्येकाची असते, आणि तिचं उत्तर मोठा ॲम्प नव्हे. केबिनची लांबी ध्वनिलहरीच्या अर्ध्या लांबीपेक्षा कमी पडायला लागली, की त्याखालच्या सुरांना केबिनच उचल देते. अडीच मीटर लांबीच्या केबिनमध्ये ही मदत साधारण ७० हर्ट्झपासून सुरू होते, साडेतीन मीटरच्या केबिनमध्ये ५० हर्ट्झच्याही खाली. म्हणजे ज्या पट्ट्यात ढोलाचा आणि बेस गिटारचा ठोका असतो, तिथे मोठी गाडी फारशी साथ देत नाही.

आधी फुकटचे उपाय करा. बॉक्स पक्का करण्यापूर्वी लांब वायर लावून तो दोन-तीन ठिकाणी ठेवून ऐका. तोंड मागच्या दाराकडे, मग वर, मग सीटकडे. दर वेळी ड्रायव्हरच्या सीटवर बसून ऐका, मागे बॉक्सपाशी उभं राहून नव्हे. मग ॲम्पवरचा फेज, म्हणजे वूफरच्या पडद्याची आत-बाहेर ढकलण्याची दिशा, ० वरून १८० वर करून बघा. ते बटण नसेल तर वूफरच्या दोन वायरी उलट लावा. वूफर आणि दारातले स्पीकर एकमेकांविरुद्ध ढकलत असतील तर जिथे दोघे भेटतात, त्या ८० हर्ट्झच्या आसपास बेस अक्षरशः नाहीसा होतो. या एका बदलाने पुढच्या सीटवरचा बेस भरून आलेला मी अनेकदा ऐकलाय.

तिसऱ्या रांगेतल्या माणसाचाही विचार करा, कारण तिथे बहुधा पोरं असतात आणि वूफर त्यांच्या डोक्यामागे हातभर अंतरावर. जागतिक आरोग्य संघटनेच्या शिफारशीत मोठ्यांसाठी ८० डेसिबल, तर मुलांसाठी ७५ डेसिबल, आणि तेही आठवड्याला ४० तास, ही मर्यादा आहे. आवाज वाढला की सुरक्षित वेळ झपाट्याने कमी होते. पुढे छान वाटेपर्यंत आवाज वाढवलात तर मागे काय होतंय, हे स्वतः मागे बसून ऐका.

बॉक्स नुसता ठेवायचा नाही

हे मी सगळ्यांत कळकळीने सांगतो. ताशी ५० किलोमीटरने चाललेली गाडी कशावर तरी आदळली, तर मागचा सुटा बॉक्स त्याच वेगाने पुढे येतो. हा वेग म्हणजे जवळजवळ १० मीटर उंचीवरून, तिसऱ्या मजल्यावरून पडलेल्या वस्तूचा. वीस किलोचा बॉक्स, आणि वाटेत तिसऱ्या रांगेतली डोकी. वेल्क्रो किंवा घट्ट बसलाय हा भरवसा इथे चालत नाही. लोखंडी एल-पट्ट्या आणि आरपार बोल्ट, नाहीतर गाडीच्या मूळ हुकांना आवळलेला रॅचेट पट्टा हवाच. भोक पाडण्याआधी गाडीखाली वाकून बघा. इंधनाची टाकी, ब्रेकच्या नळ्या त्याच पत्र्याखाली असतात.

अर्टिगा सीएनजी असेल तर डिकीत ६० लिटरचा सिलिंडर आधीच बसलेला असतो. त्याच्या व्हॉल्व्हजवळ ॲम्प नको, आणि सिलिंडरच्या पट्टीला अर्थिंग (ॲम्पची निगेटिव्ह वायर) तर मुळीच नको. अशा गाडीत सीटखालचा वूफर हाच मला योग्य पर्याय वाटतो.

ॲम्प कुठे?

बॉक्सच्या पाठीवर ॲम्प लावणं सोपं असतं, पण रोजच्या हादऱ्यांनी त्याचे स्क्रू आणि आतले सांधे सैल होतात. मॅटिंगखाली दडवला तर उष्णता कोंडते आणि वीस-पंचवीस मिनिटांनी तो स्वतःहून बंद पडतो. लोकांना वाटतं ॲम्प खराब झाला. सीटखाली लावायचा असेल तर जमिनीपासून थोडा उचलून लावा. पावसाळ्यात मधल्या रांगेतल्या चपलांचं पाणी आणि पोरांच्या बाटल्यांचं पाणी शेवटी तिथेच जमतं.

वायरींचा हिशोब साधा आहे. ५०० वॉट आरएमएसचा (सलग देता येणाऱ्या ताकदीचा) क्लास डी (कमी वीज वाया घालवणारा) ॲम्प ८० टक्के कार्यक्षम धरला, तर पूर्ण जोरात साडेतेरा व्होल्टवर तो सुमारे ४६ अँपिअर ओढतो. लांब गाडीत बॅटरीपासून डिकीपर्यंत पाच-सहा मीटर वायर जाते, म्हणून शुद्ध तांब्याची ४ गेज, म्हणजे साधारण २१ चौरस मिलिमीटरची वायर घ्या. टोक ब्लेडने खरवडा. आतून पांढरी निघाली तर ते तांब्याचा मुलामा दिलेलं ॲल्युमिनियम असू शकतं. कथील चढवलेलं तांबंही वरून पांढरं दिसतं, पण खोल खरवडलं की लाल निघतं. फ्यूज बॅटरीपासून ४५ सेंटिमीटरच्या आत हवा, कारण तो ॲम्पला नव्हे, वायरला वाचवतो. ॲम्पजवळ लावलेला फ्यूज मधली वायर पत्र्याला घासली तर काहीच करू शकत नाही. इंजिनकडून वायर आत येते तिथे रबरी ग्रोमेट (भोकाच्या कडेने वायर कापू न देणारी रिंग) नसेल तर काम परत करायला लावा.

ॲक्सिलरेटर दाबला की स्पीकरमध्ये 'कुंईऽऽ' असा आवाज चढतो? बरेच लोक आधी स्टिरिओ बदलतात. तुम्ही आधी अर्थिंगचा बोल्ट उघडा. थिंबलखाली (वायरीच्या टोकाच्या धातूच्या कडीखाली) रंग तसाच चकचकीत दिसला तर दोष तिथेच असण्याची शक्यता मोठी. सँडपेपरने घासून पत्रा चांदीसारखा उघडा करा, थिंबल आवळा, वरून ग्रीस लावा म्हणजे गंज धरणार नाही. सीटबेल्टच्या बोल्टला मात्र हात लावू नका. तरीही आवाज राहिला तर आरसीए केबल (स्टिरिओकडून ॲम्पला गाण्याचा सिग्नल नेणारी) पॉवर वायरच्या विरुद्ध बाजूने ओढून घ्या.

काम झाल्यावर पहिल्या लांबच्या प्रवासात, तासभर वाजवून झालं की गाडी बाजूला घ्या. गाणी बंद करून फ्यूजच्या डबीला आणि अर्थिंगच्या थिंबलला हात लावून बघा. कोमट ठीक. चटका बसला तर तो सांधा सैल आहे, आणि तो आवळल्याशिवाय वूफर सुरू करायचा नाही.