मधली सुट्टी ऑनलाइन कशी भरवायची

शाळा बंद झाली की आपण सगळ्यात आधी धडे मोबाइलवर आणतो. मागोमाग हजेरी येते, प्रार्थना येते, चाचणीसुद्धा येते. मधली सुट्टी तेवढी शाळेच्या आवारात राहून जाते, आणि पोरांचा जीव तर तिथेच अडकलेला असतो.

मी खेड तालुक्यात, चाकण एमआयडीसीच्या पट्ट्यात, जिल्हा परिषदेच्या शाळेत तिसरी-चौथीला शिकवते. मार्च 2020 मध्ये कोरोनामुळे शाळा बंद झाल्या आणि राज्यात पहिली ते चौथीचे वर्ग डिसेंबर 2021 मध्ये भरायला लागले. जानेवारी 2022 मध्ये पुन्हा काही दिवस बंद. तेव्हा जे उपयोगी पडलं ते लिहितेय, कारण ते दिवस पुरते गेलेत असं नाही. पावसाचा रेड अलर्ट आला की काही शाळांचा लगेच ‘उद्या ऑनलाइन तास’ असा निरोप येतो. दिल्लीकडच्या मराठी घरांत तर हिवाळ्यात हवा बिघडली की लहान वर्गांना घरीच बसवतात.

तास संपला की सुट्टी

तास संपल्यावर कॉल बंद करू नका. दहा मिनिटं चालू ठेवा आणि मुलांना सांगा, आता मधली सुट्टी. आपापला डबा, बिस्किटं, चुरमुरे, जे असेल ते घेऊन बसा. तुम्ही तुमचा माइक बंद करा, कॅमेराही बंद करा, पण कॉलवरून जाऊ नका. शाळेतही मधल्या सुट्टीत बाई ओट्यावर असतात, फक्त मध्ये पडत नाहीत. तसंच इथे.

पहिल्या दिवशी सगळे गप्प बसतात, कारण ‘आता काय म्हणायचं’ हेच कळत नाही. तेव्हा एखादी वस्तू दाखवायला सांगा, म्हणजे गाडी सुरू होते. एकीने मांजराचं पिल्लू पोटाला धरून उचललं आणि थेट कॅमेऱ्याला टेकवलं. सगळ्यांच्या पडद्यावर नुसत्या मिशा! त्यावर एकाला आठवलं की त्याच्या गावच्या घरी पण मांजर आहे आणि तिला एक डोळा नाही. मग मांजरीला एक डोळा असेल तर उंदीर दिसतो का यावर जोरदार भांडण. शिकवताना कधीच तोंड न उघडणारा मुलगा त्या भांडणात सगळ्यात मोठ्याने बोलत होता. भांडण मिटवायला धावू नका. कुणी कुणाला घालूनपाडून बोलायला लागलं, रंगावरून, जातीवरून, कुणाच्या घरावरून, तरच माइक चालू करा.

नेट नाही, बटणाचाच फोन आहे, त्यांच्यासाठी कॉन्फरन्स कॉलवर एका वेळी चार मुलं घ्या. आमच्याकडे फोन बाबांबरोबर कंपनीत जायचा, म्हणून शिफ्ट सुटल्यावर, संध्याकाळी सातनंतर. त्या वेळी शिकवायचं नाही. कोडी, भेंड्या, नाहीतर नुसत्या गप्पा.

हजेरीत एक प्रश्न

‘यस मॅडम’ म्हणून घेण्यात मुलाचं काहीच कळत नाही. त्याऐवजी प्रत्येकाचं नाव घ्या आणि सगळ्यांना एकच छोटा प्रश्न विचारा. दारातून आत्ता काय दिसतंय? घरात सगळ्यात जुनी वस्तू कुठली? आज कुणाशी खेळलास? ‘कसं वाटतंय?’ असं सात-आठ वर्षांच्या मुलाला विचारलंत तर ‘छान’ एवढंच मिळतं. वस्तूबद्दल विचारलं की मुलं आपोआप माणसांवर येतात. जुन्या पितळी तांब्यावरून आजीवर, आजीवरून ती दवाखान्यात आहे यावर.

‘आज काय खाल्लं?’ हा प्रश्न मात्र सगळ्यांसमोर नको. कुणाकडे कालपासून काही शिजलेलं नसतं. ‘बाबांनी काय आणलं?’ हाही नको. असले प्रश्न एकेकट्याला फोन करून विचारायचे.

तीस-पस्तीस मुलं एकदम घेतलीत तर हे जमणार नाही. सात-आठांचे गट करा. तुमचा वेळ जास्त जातो, मुलांचा कमी. जुलै 2020 मध्ये केंद्राने ऑनलाइन शिक्षणासाठी काढलेल्या ‘प्रज्ञाता’ सूचनांमध्ये पहिली ते आठवीला दिवसाला जास्तीत जास्त दोन तासिका, त्याही 30 ते 45 मिनिटांच्या, अशी मर्यादा होती. पहिली-दुसरीला मला तीसुद्धा जास्तच वाटते.

कॅमेऱ्याची सक्ती करू नका. एका खोलीत पाच माणसं राहतात, मागे कुणी आंघोळीला निघालेलं असतं, कुणी रात्रपाळी करून झोपलेलं. मुलाला त्याची लाज वाटते आणि ते ‘रेंज नाही’ म्हणून निघून जातं. चेहऱ्याऐवजी हात दाखवायला सांगा, वही दाखवायला सांगा.

आई-बाबांसाठी

तासाला मुलाच्या मागे बसून कुजबुजू नका. ‘छप्पन म्हण, छप्पन!’ हे आम्हाला स्पष्ट ऐकू येतं, आणि पाठोपाठ पाठीत बसलेला धपाटाही. मूल चुकलं तर चुकू द्या, ते आमच्यापर्यंत पोचायलाच हवं. फोन लावून द्या, चार्जर जवळ ठेवा आणि ऐकू येईल एवढ्या अंतरावर आपल्या कामाला लागा.

वहीचे फोटो ग्रुपवर टाकू नका, बाईंना वेगळे पाठवा. आणि बाई-गुरुजींनो, ‘खालील विद्यार्थ्यांनी अभ्यास पाठवलेला नाही’ अशी यादी ग्रुपवर टाकणं बंद करा. ती यादी आधी शेजारीण वाचते, मग चुलती, आणि रात्री पोराला बोलणी बसतात.

तास झाला की मुलाला अंगाने दमू द्या. पॅसेजमध्ये ठिकरी, गच्चीवर दोरीच्या उड्या, घरात जागाच नसेल तर कणीक मळायला द्या. लसूण सोलायला बसवलेलं मूल आपणहून जेवढं बोलतं, तेवढं समोर बसवून विचारल्यावर बोलत नाही. झोपेची वेळ शाळा असताना होती तीच ठेवा; या वयाला नऊ तास तरी झोप हवी.

घरात कुणी गेलं असेल तर

हे 2021 च्या एप्रिल-मे महिन्यांत फार झालं, आणि आम्हा मोठ्यांची बोलायची तयारीच नव्हती. ‘आजोबा गावाला गेलेत’ असं सांगू नका. मूल रोज वाट बघतं, आणि खरं कळलं की पुढे तुमच्या कुठल्याच शब्दावर विश्वास ठेवत नाही. ‘झोपले’ असं तर मुळीच नको. त्यानंतर मुलं झोपायला घाबरतात, आईला झोप लागली की तिला हलवून उठवतात. साधं सांगा: आजोबा वारले. त्यांचं शरीर खूप आजारी होतं, डॉक्टरांनी प्रयत्न केले, पण ते वाचले नाहीत. ते आता परत येणार नाहीत. देवाघरी गेले असं तुमच्या घरात म्हणत असतील तर तेही म्हणा, पण हे सांगून झाल्यावर.

एक गोष्ट आवर्जून बोला, मुलाने विचारली नाही तरी: ‘तुझ्यामुळे काही झालेलं नाही.’ या वयाची मुलं मनात हिशोब मांडतात. मी हट्ट केला, मी मास्क लावला नाही, मी आजोबांच्या अंगावर बसलो. तेच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतील, तेवढ्या वेळा तेच उत्तर द्या. अर्धा तास रडून लगेच खेळायला पळतील. त्यांना दुःख नाही असं समजून कुणी टोमणा मारू नये.

ते मूल पुन्हा तासाला येईल त्याआधी बाकीच्या मुलांशी बोलून घ्या. काय झालंय ते सांगा आणि ‘कसे गेले?’ असं खोदून विचारायचं नाही हेही सांगा. हजेरीत त्याचं नाव नेहमीसारखंच घ्या.

कधी काळजी करायची

तासाच्या वेळेलाच पोट दुखतं, रविवारी दुखत नाही. सुटलेलं अंथरूण ओलं करणं पुन्हा सुरू झालं. शर्टाची कॉलर चावून चावून ओली. आवडता खेळ काढून दिला तरी हात लावत नाही. आधी डॉक्टरांना दाखवा, कारण पोट खरंच दुखत असू शकतं; नाटक म्हणून उडवून लावू नका. तपासणीत काही निघालं नाही आणि तरी दोन आठवड्यांहून जास्त हेच चाललं, तर समुपदेशकाशी बोला. टेलि-मानसचा 14416 हा सरकारी नंबर मोफत आहे, चोवीस तास चालतो आणि मराठीत बोलता येतं. घरात मारहाण होतेय, मूल धोक्यात आहे असा संशय आला तर 1098, हा मुलांच्या मदतीचा नंबर. शिक्षकाने असं काही ऐकलं तर ते ग्रुपवर किंवा शेजारी बोलायचं नाही. मुख्याध्यापकांना सांगायचं आणि फोन लावायचा.

शाळा पुन्हा भरेल त्या दिवशी उजळणी चाचणी काढू नका. पहिला आठवडा मधली सुट्टी थोडी लांबवा आणि बाकावर कुणी कुणाशेजारी बसायचं ते मुलांना ठरवू द्या. जे मूल एकटं उरेल, त्याच्या घरी त्याच संध्याकाळी फोन करा.